मोजून पाणी

डायलिसिसच्या वॉर्डात पाण्याची बाटली न्यायची नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मी आपली बाटली खांद्याला लटकवून ऐटीत आत शिरले होते. तिथल्या टेक्निशियन दादांनी ती काढून घेतली आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवली. "आपण प्यायचं ते इथं येऊन, दार लावून," ते म्हणाले. "ह्यांच्यासमोर घटाघटा प्यायलीस तर कुणीतरी तुला धरून मारील." मला वाटलं, दादा गंमत करतायत. आठवडाभरात कळलं की गंमत नव्हती.

मी तेव्हा बारावी होऊन घरी बसले होते. नीटमध्ये मार्क कमी पडले होते. पुन्हा परीक्षेला बसायचं की नर्सिंगला जायचं, यावर घरात रोज खडाजंगी चालू होती. आई शाळेत शिकवते, त्यामुळे तिच्याकडे कुठल्याही प्रश्नाला 'आणखी अभ्यास' हे एकच उत्तर असतं. माझ्या तर नाकावर राग. दुसऱ्यानं सांगितलेलं मला पटतच नाही. शेवटी रत्नागिरीतल्या एका छोट्या धर्मादाय रुग्णालयात डायलिसिसचा विभाग सांभाळणाऱ्या डॉक्टर मॅडम आईला म्हणाल्या, "तिला काही महिने माझ्याकडे पाठवा. आजारी माणूस जवळून बघू दे, मग काय ते ठरवा." आईनं पाठवलं, पण पिशवीत फिजिक्सचं पुस्तक कोंबूनच.

काम तसं साधं होतं. आलेल्या पेशंटला वजनाच्या काट्यावर उभं करायचं, चादरी बदलायच्या, दादांना सामान काढून द्यायचं आणि चार तास मशीनला जोडलेल्या माणसाशी बोलत बसायचं. यातलं बोलणंच सगळ्यात अवघड. किडनी बंद पडलेल्या माणसानं प्यालेलं पाणी बाहेर पडत नाही, अंगातच साठतं. पायांवर सूज येते, पुढे छातीत भरतं. म्हणून दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत मोजून. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं. त्यामुळे गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी पाण्यावरच येऊन थांबायच्या. कुणाला परसातली विहीर आठवायची, कुणाला भावाच्या लग्नातलं कोकम सरबत. रविवारी ज्यानं चोरून प्यायलेलं असे, तो सोमवारी काट्यावर चढताना माझ्याकडे बघायचा नाही.

लांज्याच्या पुढच्या एका खेड्यातून येणाऱ्या वहिनींची आणि माझी ओळख या काट्यावरच झाली. वहिनी पस्तिशीच्या असतील. काट्यावर चढण्याआधी त्या चपला काढायच्या, बांगड्या काढायच्या, केसातली पिनसुद्धा काढून माझ्या हातात द्यायच्या. वर म्हणायच्या, "आता मंगळसूत्र तेवढं राहिलं. ते काढलं तर आई इथंच बसून रडतील." आई म्हणजे त्यांच्या सासूबाई. वहिनींचे यजमान मुंबईला सिक्युरिटीत कामाला, मूलबाळ नाही. गावच्या घरात या दोघीच.

सासूबाईंना आम्ही आजी म्हणायचो. बारीक अंगाच्या, काटक, पदर कायम कमरेला खोचलेला. सुनेला घेऊन पहाटेच्या एसटीनं यायच्या आणि डायलिसिस संपेपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या. मी बाहेर आले की त्यांचा प्रश्न ठरलेला.

"आज किती पानी काढलान गो बाय?"

मी लिटरमध्ये सांगायची. त्या मनातल्या मनात त्याचे तांबे करायच्या आणि कपाळाला आठ्या घालायच्या. "तहानेनं जीव चाललाय पोरीचा, नि तिच्याच अंगातलं पानी काढून घेतात. ह्यो कसला इलाज म्हनायचा?"

मी समजावून सांगायची. त्या मान डोलवायच्या. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मी चिडायची, पण वहिनी हसून म्हणायच्या, "ताई, त्यांना माझी तहान दिसते. किडनी कुठं दिसते?"

मॅडमना मात्र पाण्यापेक्षा पोटॅशियमची धास्ती जास्त होती. ते फळांत असतं, भाज्यांत असतं आणि एरवी किडनी त्याचा बंदोबस्त करते. किडनी नसली की ते रक्तात चढत जातं आणि हृदयाचे ठोकेच बिघडवतं. सूज निदान दिसते तरी, हे दिसत नाही. म्हणून प्रत्येक नव्या पेशंटला मॅडम स्वतः बसवून सांगायच्या: केळं बंद, आंबा बंद, शहाळं बंद, भाजी उकळून पाणी फेकून द्यायचं. वहिनींना आणि त्यांच्या यजमानांनाही असंच सांगितलं होतं. त्या दिवशी आजी गावी गुरांपाशी राहिल्या होत्या.

मग शिमगा आला. ग्रामदेवीची पालखी वर्षातून एकदा घरी येते, आणि आली की घरच्या सुनेनं देवीची ओटी भरायची. वहिनींच्या घरी पालखी यायची होती नेमकी त्यांच्या डायलिसिसच्या दिवशी. मॅडमनी आदल्या दिवशीची वेळ देऊ केली, तर त्याच दिवशी यजमान मुंबईहून यायचे होते. "एक डायलिसिस चुकलं म्हणून काय होतंय मॅडम," वहिनी म्हणाल्या. मॅडम खूप बोलल्या. वहिनी खाली मान घालून ऐकत राहिल्या आणि मनातून अजिबात हलल्या नाहीत.

त्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामीच राहिली. मी फोन केला तर पलीकडून ढोल नुसता दणदणत होता. "ताई, ऐकताय ना?" वहिनी ओरडून सांगत होत्या. "अंगणात नाचवतायत पालखी! सोमवारी येते, अगदी नक्की!" मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला. "पथ्य पाळा," एवढंच त्या दोनदा म्हणाल्या. पलीकडे कितपत ऐकू गेलं, देव जाणे.

सोमवारी वहिनी आल्या. आल्या म्हणजे आजींनी त्यांना जवळजवळ ओढतच आणलं. मी नेहमीसारखी काट्यापाशी हात पुढे करून उभी राहिले, आता चपला येतील, पिन येईल म्हणून. वहिनींनी काहीच काढलं नाही. काट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाय उचलत नाही हो ताई."

त्या हसत होत्या. एवढासा काटा, पायरीएवढाही उंच नाही. मी त्यांचा दंड धरला तर सगळा भार माझ्यावर आला. दादा पलीकडून बघत होते. त्यांनी येऊन वहिनींचं मनगट धरलं आणि दादांचा चेहराच बदलला. "मॅडमना बोलव. पळ," ते हळू आवाजात म्हणाले. दादा एरवी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलतात. तो हळू आवाज ऐकूनच मी धावत सुटले.

मॅडम आल्या तोवर दादांनी वहिनींना आडवं करून ईसीजीच्या तारा लावल्या होत्या. यंत्रातून कागद सरकायला लागला. मला तेव्हा ईसीजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यावरच्या लाटा उंच आणि टोकदार होत्या आणि दोन लाटांमध्ये भलतंच अंतर होतं, हे मलाही दिसलं. मॅडमनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "कॅल्शियम काढा. मशीन तयार करा, लगेच." मग त्या वहिनींवर वाकल्या. "काय खाल्लंत?"

"काही नाही मॅडम."

"एक डायलिसिस चुकल्यानं पोटॅशियम एवढं वाढत नाही. काहीतरी पोटात गेलंय. फळ? झाडपाला? कुणी औषध दिलं?"

"नाही हो. काहीच नाही." वहिनींची नजर दाराकडे गेली आणि पटकन परत आली.

मॅडमनी ती नजर पकडली. इंजेक्शन हळूहळू सोडता सोडताच त्या मला म्हणाल्या, "सासू बाहेर आहे ना? तिला विचार. किती गेलंय, कधी गेलंय, मला कळायला हवं. आणि एक लक्षात ठेव, आवाज चढवायचा नाही. घाबरली तर ती तुला काहीसुद्धा सांगणार नाही."

माझ्यासारखीला हे सांगायचं म्हणजे! मी बाहेर गेले. आतला माणूस मरायला टेकलाय आणि मी बाकावर निवांत बसून गप्पा मारायच्या. तरी बसले. आजींच्या शेजारी अगदी टेकून बसले.

"आजी, वहिनींनी सकाळपासून काय खाल्लं?"

"कायपन नाय गो. पेज सुदिक नाय घेतलान. दोन दिस जेवान जात नाय तिला."

"पालखीच्या दिवशी? काही गोडधोड, फळं?"

"नाय. सगल्यांना वाढलान, आपन घास नाय खाल्लान."

"कुणी औषध दिलं? मुळी, पाला, असं काही?"

"देवीचा अंगारा लावला तेवढा. का गो? काय झालं आत?"

आतून दादांची कुणाला तरी हाक ऐकू आली. ओरडावं, ह्यांना गदागदा हलवावं, असं मला वाटत होतं. मी पुन्हा पहिल्यापासून विचारायला तोंड उघडलं. तेवढ्यात आजींनी माझ्याकडे नीट बघितलं.

"किती घामेजलीस तू. थांब."

त्यांनी मांडीवरच्या पिशवीत हात घातला आणि शहाळं बाहेर काढलं. वरून कोयत्यानं तासून तासून आणलेलं, अंगठा दाबला की फुटेल इतकंच कवच वर ठेवलेलं. त्यांनी अंगठा दाबला आणि शहाळं माझ्यापुढे धरलं.

"घे. घरच्या माडाचं हाय. ह्याच्या आधाराव तर एस्टीत बसून इथवर आली ती."

मी त्या शहाळ्याकडे बघत राहिले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण आवाज मात्र कुठून कसा कोण जाणे, मऊच निघाला. "वहिनींना किती दिलीत आजी?"

"पालखीच्या पावन्यांसाठी पोरानं शहाळ्यांची अख्खी पेंड उतरवलान. उरल्यातलं सकाळ-सांजेला येक येक तिला दिलंय. आज एस्टीत येक." मग त्यांना वाटलं असावं की मी काहीतरी चुकीचं समजतेय. "पानी मोजूनच देतंय हां मी! पान्याला हात लावू देत नाय. शहाळं काय पानी नव्हं. आजाऱ्याला शहाळंच देतात ना?"

आजाऱ्याला शहाळंच देतात. आमच्या घरीही देतात. कुणी आजारी पडलं की माझे वडीलसुद्धा पहिल्यांदा शहाळंच आणतात. मी उठले आणि धावत आत गेले.

"शहाळी," मी म्हणाले. "रोज दोन. आणि आत्ता येताना एसटीत एक."

वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे अजून चढणार आहे," मॅडम म्हणाल्या. वहिनींच्या हातात सुया लावून झाल्या होत्या, मशीन फिरायला लागलं होतं. मॅडमनी मला वहिनींच्या उशाशी उभं केलं. "बोलत राहा. उत्तर आलं नाही की मला सांग." त्या स्वतः मॉनिटरसमोर उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

मी बोलत राहिले. पालखी किती वेळ होती? ओटीला साडी कुठली घेतलीत? शिमग्याचे खेळे नाचायला आले होते का? उत्तरं यायची, पण उशिरा, विहिरीच्या तळातून आल्यासारखी. हिरवी साडी. खेळे आले होते. मग मी विचारलं, यजमान कधी गेले, आणि उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं. वहिनींचे ओठ नुसते हलले. मॉनिटरवरच्या लाटा रुंद, बेढब झाल्या होत्या. "मॅडम!" मी किंचाळलेच. दुसरं इंजेक्शन गेलं. बाजूच्या खुर्च्यांवरचे पेशंट माना वळवून बघत होते. मला पळून जायचं होतं. खरंच सांगते, दार समोर दिसत होतं आणि मी मनात ठरवून टाकलं होतं की ही बाई वाचली तर वाचली, उद्यापासून मी इथं पाऊल ठेवणार नाही. पण वहिनींनी माझं बोट धरून ठेवलं होतं. सोडवून घ्यायचा धीर झाला नाही.

लाटा एकदम सुधारल्या नाहीत. बघता बघता थोड्या अरुंद झाल्या, मग आणखी थोड्या. मॅडमनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या, तेव्हा मला कळलं.

बऱ्याच वेळानं वहिनी आपणहून बोलल्या. "आईंना सांगू नका."

"काय?"

"शहाळ्यानं झालं ते. नका सांगू."

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी जवळजवळ ओरडलेच. "शहाळं चालत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही प्यायलात?"

"मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की." त्या छताकडे बघत होत्या. "तहान म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं ताई. आणि त्या समोर येऊन बसायच्या. मी प्यायले की त्यांना किती बरं वाटायचं. माझ्यासाठी करण्यासारखं त्यांच्याकडे दुसरं आहे काय?"

मी मॅडमना जाऊन हे सांगितलं. मला वाटलं, त्याच बाहेर जातील आणि समजावतील. मॅडम म्हणाल्या, "आजींना सांगावं तर लागेलच. नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा हेच. आणि तूच सांग. मशीन दादा चालवतील. तुझं काम हे." मी आज नर्स आहे, आणि माझं काम काय, हे मला त्या दिवशी कळलं. पण कळलं म्हणून सोपं गेलं नाही.

आजी बाकावरून उठून दाराशी उभ्या होत्या. फोडलेलं शहाळं अजून हातातच होतं. मी आधी सांगितलं की वहिनी बऱ्या आहेत. मग सांगितलं की त्या मरता मरता वाचल्या. मग कशानं, ते सांगितलं. गुळमुळीत केलं असतं तर त्यांनी पुन्हा दिलं असतं, म्हणून सगळं स्पष्टच सांगितलं.

"शहाळ्यानं?" आजी म्हणाल्या.

"हो."

"माज्या?"

मी मान डोलावली. त्या रडल्या नाहीत. हातातलं शहाळं त्यांनी बाकाखाली ठेवलं, अगदी आत, भिंतीला लावून. मग पदराला हात पुसत विचारलं, "मग मी तिला देऊ काय?"

मी नीटच्या पुस्तकांतलं सगळं आठवून बघितलं. शेवटी दादा पेशंटना सांगत ते आठवलं. "बर्फाचा छोटा खडा द्या आजी. तोंडात धरायला. तोही मोजून."

"मोजून," आजी म्हणाल्या.

त्यानंतर वहिनींचं एकही डायलिसिस चुकलं नाही. पिन काढून देणंही पुन्हा सुरू झालं. वजन इतकं काटेकोर असायचं की दादा बाकीच्यांना त्यांचं उदाहरण द्यायचे. आजी मात्र गप्प झाल्या होत्या. किती पानी काढलान, हेही त्यांनी विचारणं सोडलं. मी हाक मारली तर मान हलवायच्या. ओठ फुटलेले दिसायचे. मला वाटलं, मनाला लावून घेतलंय, होईल हळूहळू कमी.

मे महिन्यात एकदा, स्टँडवर आंब्याच्या पेट्यांचे ढीग लागलेले असताना, अंगाची लाही करणाऱ्या उन्हात आजी त्या बाकावरून खाली कोसळल्या. मी आणि दादांनी उचलून आत आणलं. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती, जीभ पांढरी पडलेली. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, ह्यांच्या अंगात पाणीच नाही."

मी मागच्या खोलीतून माझी बाटली आणून त्यांच्या तोंडाला लावली. आजींनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"आजी, प्या! पाणी प्यायला काय होतं तुम्हाला?"

"माजं झालंय आजचं."

"काय झालंय?"

"तिच्या बाटलीएवढी माजी बाटली हाय. तेवढंच पितंय मी." आवाज अगदी खोल गेला होता. "शिमग्यापासनं."

मी भडकले. हॉस्पिटल असो नाही तर आणखी काही, मी त्यांना वाट्टेल ते बोलले. तुम्हाला किडन्या आहेत, चांगल्या दोन आहेत, तुम्ही मेलात तर तिला इथवर कोण आणणार, सगळं बोलले. आजींनी ऐकून घेतलं. "ती तहानलेली समोर बसते," त्या म्हणाल्या. "माज्या घशाखाली उतरत नाय गो."

दादांनी आजींची खाट ढकलत वॉर्डात नेली आणि वहिनींच्या खुर्चीला लावून उभी केली. वहिनींना आमचं सगळं ऐकू गेलं होतं. मशीन चालू होतं, एक हात सुयांत अडकलेला. त्यांनी दुसरा हात माझ्याकडे पसरला.

"ग्लास द्या, ताई."

वॉर्डात पाणी आणायचं नाही, हा नियम मला पहिल्या दिवसापासून पाठ होता. मी दादांकडे बघितलं. दादांनी तोंड फिरवलं. मी ग्लास काठोकाठ भरून आणला.

"आई, प्या."

"नको गो."

"तुम्ही द्याल ते मी प्यायले की नाही?" वहिनी म्हणाल्या. "आता मी देते ते तुम्ही प्यायचं."

आजींनी ग्लास घेतला आणि सुनेकडे पाठ करायला बघितली. वहिनींनी मोकळ्या हातानं त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. आजी प्यायला लागल्या. सगळा वॉर्ड बघत होता, आणि मशीनच्या घरघरीवर त्यांच्या घोटांचा आवाज ऐकू येत होता. वहिनींनी एकदाही नजर काढली नाही. प्रत्येक घोटाबरोबर त्यांचा स्वतःचा गळा हलत होता. ग्लास रिकामा झाला तेव्हा त्यांनी तो उलटा करून बघितला आणि माझ्या हातात दिला.

"आणखी एक आणा," त्या म्हणाल्या.